चामड्यावर नक्षी उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूलिंग, म्हणजे ओल्या चामड्यावर सुरीनं रेघा कापून आणि ठसे ठोकून उठावाची नक्षी करणं, शिकणाऱ्यांचं गाडं बहुधा ठशांवर अडत नाही. ते त्याआधीच अडतं, कागदावरची नक्षी चामड्यावर उतरवताना. खालचे प्रश्न मराठवाड्यात हे काम करणाऱ्या आणि शिकणाऱ्या माणसांचे आहेत, त्यामुळे उत्तरांत आपलं ऊन, आपलं बोअरचं पाणी आणि आपल्याकडच्या नक्ष्या येणारच. यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे: चामड्यातली ओल. ती ज्याला हातानं ओळखता आली, त्याला बाकीचं सगळं सोपं जातं.

दुकानात मिळणारं कुठलंही चामडं चालतं का?

नाही. झाडाच्या सालीनं, फळांनी कमावलेलंच चामडं लागतं. बाजारात त्याला व्हेज टॅन म्हणतात. बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांतलं टॅनिन कातड्याच्या धाग्यांत मुरलेलं असतं. (माळरानावर पिवळ्या फुलांनी फुललेला तरवड आपण रोज बघतो, तोच हा.) असं चामडं पाणी पितं, नरम होतं आणि दाबलं की दाबलेलंच राहतं. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं बॅगांना, जॅकेटला उत्तम, पण त्यावर ओढलेली रेघ थोड्या वेळानं फुगून वर येते. तिथे जोर लावून काही उपयोग नाही.

ओळखायचं असेल तर कापलेली कड बघा. क्रोमची कड बहुधा निळसर-राखाडी असते, व्हेज टॅनची पिवळसर-तपकिरी. मग कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो मुरून जागा गडद झाली पाहिजे. त्याच जागी नखानं रेघ ओढा आणि वाळू द्या. वाळल्यावरही रेघ दिसत असेल तर चामडं घ्या. वरून रंगाचा किंवा चकाकीचा थर दिलेलं चामडं व्हेज टॅन असलं तरी पाणी आत घेत नाही, म्हणून दुकानात कोरंच मागा.

जाडी किती असावी?

पट्ट्याला ३ ते ३.५ मिलिमीटर, पाकिटाच्या बाहेरच्या भागाला १.२ ते १.६. परदेशी नमुन्यांवर जाडी औंसात लिहिलेली असते. १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर, म्हणजे ८ औंसाचं चामडं ३.२ मिलिमीटरच्या आसपास भरतं. शेळीचं कातडं पातळ असतं, ते अस्तराला ठेवा. म्हशीच्या चामड्याचा दाणा मोठा असतो, बारीक रेघ त्यात हरवते. त्यावर ठळक, मोकळी नक्षी काढा.

चामडं नेमकं किती ओलं करायचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

स्पंज पाण्यात बुडवून पिळा आणि चामड्याच्या दोन्ही बाजूंवर एकसारखा फिरवा. एकाच जागी पाणी ओतू नका, तिथे डागाची कड उमटते. चामडं गडद होईल. आता लगेच काम सुरू करायचा मोह होतो, तो आवरा. तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि काही तास, जमलं तर रात्रभर ठेवा. वरचं पाणी हळूहळू आतल्या धाग्यांपर्यंत पोचतं आणि सगळीकडे ओल सारखी होते. सकाळी पिशवीतून काढून उघडं ठेवा. रंग परतू लागेल. तो मूळ रंगाच्या जवळ आला, पण हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श केल्यावर भरलेल्या माठाला बाहेरून हात लावल्यासारखा गारवा लागत असेल, तर ती वेळ गाठा. गारवा लागतो याचा अर्थ आतलं पाणी अजून उडतं आहे.

खात्री करायला टाकाऊ कडेवर एक रेघ ओढा. रेघेत पाणी चमकलं किंवा रेघ पसरून तिच्या कडा गोल झाल्या, तर ओल जास्त आहे, थांबा. रेघ फिकी, कोरडी उमटली आणि दाबायला जोर लागला, तर ओल कमी आहे. बरोबर ओलीवर रेघ स्वच्छ बसते आणि तिचा तळ आपोआप गडद तपकिरी होतो. तो गडदपणा एकदा डोळ्यात बसला की मग माप विचारावं लागत नाही.

फक्त नक्षी उतरवायची आणि ठोकायचं काम दुसऱ्या दिवशी करायचं असेल, तर वरच्या बाजूनं दिलेली ओलही पुरते. खोल ठोकायला मात्र आतपर्यंत ओल हवीच.

एप्रिल-मेमध्ये अर्धी नक्षी उतरेपर्यंत चामडं वाळून जातं. काय करावं?

आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो आणि हवेत ओल उरत नाही, तेव्हा कडा आधी कोरड्या पडतात आणि मधली नक्षी ठीक पण किनार फिकी असं होतं. पहिली गोष्ट, पंखा बंद करा किंवा त्याची दिशा बदला. काम पहाटे किंवा रात्री धरा. नक्षीचा जो भाग गिरवायचा तेवढाच उघडा ठेवा, बाकी चामड्यावर पातळ प्लॅस्टिक अंथरा. वाळलेल्या जागेवर ठिपक्यासारखं पाणी लावू नका. पूर्ण तुकड्यावर हलकासा ओला स्पंज फिरवून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा. कूलरच्या खोलीत काम केलं तर हवा दमट असल्यानं चामडं जास्त वेळ टिकतं, फक्त कूलरचा झोत थेट अंगावर नको.

पावसाळ्यात उलटी अडचण असते. ओलं चामडं पिशवीत दोन-तीन दिवस राहिलं की बुरशी धरते.

बोअरचं पाणी वापरलं तर चालेल?

टाळा. बोअरच्या पाण्यात लोह असू शकतं, आणि लोह व टॅनिन एकत्र आले की निळसर-काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून पूर्वी लिहिण्याची काळी शाई करत, तीच ही क्रिया. चामडं आधीच टॅनिननं भरलेलं असतं, त्यामुळे थोडंसं लोहही पुरतं. पिण्याचं गाळलेलं पाणी किंवा स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी घ्या. लोखंडी बादली, गंजका डबा, ओल्या चामड्यावर विसरलेली टाचणी, लोखंडाचा कीस पडलेलं टेबल, हे सगळे या डागाचे नेहमीचे गुन्हेगार आहेत. वजन ठेवायचं तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

डाग पडलाच तर लिंबाचा रस पाण्यात मिसळून हलक्या हातानं पूर्ण तुकड्यावर फिरवा, मग साध्या पाण्यानं पुसा. ताजे डाग बहुधा फिके होतात. जुन्या डागाची खात्री नाही. ते चामडं गडद रंगाच्या कामाला ठेवा.

कार्बन पेपर ठेवून गिरवलं तर सोपं पडेल ना?

कापडावर भरतकामासाठी ते ठीक. चामड्यावर कार्बन ठेवू नका. त्याची निळी-काळी रेघ ओल्या चामड्यात शिरते आणि निघत नाही. पुढे रंग आणि तेल दिलं तरी आतून दिसत राहते. शिवाय हाताच्या दाबानं भलत्याच ठिकाणी धब्बे उमटतात. पेनची शाई आणि स्केच पेन यांचंही तसंच. इथे रंग उतरवायचाच नसतो, रेघ दाबून उमटवायची असते.

मग नक्षी कशावर काढावी?

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना लागणारी ट्रेसिंग फिल्म सगळ्यात चांगली. ती प्लॅस्टिकची असते, ओलीनं फुगत नाही, फाटत नाही आणि एकच नक्षी अनेकदा वापरता येते. खरखरीत बाजूवर पेन्सिल छान उमटते. फिल्म ठेवताना पेन्सिलची बाजू वर ठेवा. खाली ठेवली तर शिसं चामड्याला लागतं.

फिल्म नाही मिळाली तर बटर पेपर घ्या, पण तो ओलीनं सुरकुततो. त्याच्या खालच्या बाजूला रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे एका कामापुरता तो टिकतो. नुसता झेरॉक्सचा कागद ओल्या चामड्यावर ठेवू नका, शाई उतरते आणि कागदाचा लगदा होतो.

वारंवार लागणाऱ्या आकारांसाठी, म्हणजे पान, कोयरी, पाकळी, जुनी एक्स-रे फिल्म वापरा. तिच्यावरचा थर ब्लीचच्या पाण्यात भिजवून धुऊन काढला की खाली स्वच्छ, चिवट प्लॅस्टिक उरतं. हातमोजे घाला आणि हे काम मोकळ्या हवेत करा. आकार कापून कडा बारीक पॉलिश पेपरनं घासल्या की वर्षानुवर्षं टिकणारा साचा तयार. थर न धुता वापरू नका, तो ओलीनं चिकट होतो.

नक्षी उलटी उमटते का?

फिल्म वरून ठेवून गिरवली तर नाही. जशी दिसते तशीच येते. साच्याची पाटी दाबून उमटवायची असेल तर मात्र पाटीवर उलटी हवी. नाव किंवा अक्षरं असतील तेव्हा हे दोनदा तपासा.

गिरवायला काय वापरू आणि किती दाबू?

बोथट, गोल टोकाचं काहीही. नक्षीकामाचं स्टायलस मिळालं तर उत्तमच. नाहीतर सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नखांवर ठिपके काढायचं डॉटिंग टूल मिळतं, ते अगदी योग्य आहे. संपलेल्या रिफिलचा बॉलपेन बरेच जण वापरतात. माझा सल्ला नको असा आहे, कारण संपलेल्या रिफिलच्या टोकाशीही शाई उरते आणि फिल्मला बारीकसं भोक पडलं की ती थेट चामड्यावर येते.

ओल बरोबर असेल तर वहीत लिहिताना लागतो तेवढाच जोर पुरतो. जास्त जोर लावावासा वाटला तर आधी ओल तपासा. ही रेघ पुढे सुरी फिरवायला वाट दाखवते, एवढंच तिचं काम. ती खोल करायला गेलात तर दोन्ही बाजूंचं चामडं बसतं आणि सुरीची धार तिच्यात घसरते.

आणि सगळं गिरवायचं नसतं. ज्या रेघा सुरीनं कापायच्या आहेत तेवढ्याच गिरवा. पाकळीतल्या शिरा, छटा, शोभेचे छोटे काप हे हातानं नंतर येतात. नवशिक्याच्या कामात नक्षी गजबजलेली दिसते त्याचं बहुतेक वेळा कारण हेच असतं.

मधेच फिल्म हलते, रेघा दुहेरी होतात.

चामड्याचा तुकडा नक्षीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठा कापा आणि चिकटपट्टी त्या वाढीव भागावर लावा. ओल्या चामड्याच्या दर्शनी भागावर चिकटपट्टी लावली तर काढताना वरचा पापुद्रा निघतो. फिल्म फक्त एका बाजूनं, बिजागरीसारखी चिकटवा. मग कोपरा उचलून कुठली रेघ राहिली ते बघता येतं आणि फिल्म पुन्हा त्याच जागी बसते. पूर्ण फिल्म काढण्याआधी तिरप्या उजेडात एकदा नजर टाका. काढल्यावर पुन्हा बरोबर जागी बसवणं फार अवघड जातं.

खाली फरशी असेल तर ती पुसून घ्या. एक खडा राहिला तरी त्याचा ठसा वर येतो. शहाबादी फरशी गिरवायला चालते. ठोकायला ग्रॅनाइटचा जाड तुकडा घ्या, शहाबादीचे थर सुटतात.

रेघ चुकली तर पुसता येते?

हलकी असेल तर हो. ती जागा आणि आजूबाजूचा भाग ओला करा, चमच्याच्या पाठीनं गोलाकार चोळा. चामडं फुगून रेघ बरीचशी भरून येते. खोल दाबलेली रेघ पूर्ण जात नाही. तिथे एखादं पान वाढवून ती नक्षीत सामावून घ्या. सुरीनं कापलेली रेघ मात्र कायमची.

नखं आणि अंगठ्या यांचेही ठसे उमटतात. अंगठी, कडं, घड्याळ काढून बसा.

पैठणीचा मोर किंवा अजिंठ्याचं कमळ उतरवायचं आहे. फोटोवर फिल्म ठेवून गिरवलं तर?

हा प्रश्न आला की मनापासून आनंद होतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या नक्ष्यांत अमेरिकेतल्या शेरिडनकडची गोल वेलबुट्टी भरलेली असते. ती सुंदर आहे आणि चामड्यासाठीच घडलेली आहे. पण पैठण, वेरूळ, अजिंठा, हिमरूचे विणकर ज्या प्रदेशात आहेत, तिथल्या पट्ट्यावर आणि पाकिटावर इथली नक्षी दिसली पाहिजे असं मला फार वाटतं. फक्त ती तशीच्या तशी उतरत नाही. चामड्यासाठी नव्यानं आखावी लागते.

पैठणीतला बांगडी मोर, म्हणजे बांगडीच्या गोलात बसवलेला मोर, घ्या. विणकामात आडव्या-उभ्या धाग्यांमुळे मोराच्या मानेची कड पायऱ्यापायऱ्यांची असते आणि सगळं एकाच सपाटीवर असतं. मोर पुढे की बांगडी पुढे, हा प्रश्न कापडावर येतच नाही. रंग वेगळे म्हणून ते वेगळे दिसतात. चामड्यावर रंगाआधी उठाव बोलतो. म्हणून पहिल्यांदा पायऱ्या काढून टाका, मानेची एकच सलग वळणदार रेघ आखा. मग ठरवा: मान बांगडीच्या पुढून जाते, शेपटी मागून. जिथे मान पुढे आहे तिथे बांगडीची रेघ मानेपाशी तुटली पाहिजे. कापलेल्या रेघा एकमेकींना ओलांडता कामा नयेत, ओलांडल्या की चौकातले कोपरे उचलले जातात. प्रत्येक रेघेच्या ज्या बाजूला बेव्हलरनं (कापलेल्या रेघेची एक बाजू उतरती दाबणारा ठसा) खाली दाबायचं, त्या बाजूला फिल्मवर छोट्या तिरप्या खुणा करा. या खुणा फिल्मवरच राहतात, चामड्यावर गिरवायच्या नाहीत. शेवटी रेघांमधलं अंतर बघा. दोन रेघांत दीड-दोन मिलिमीटरही जागा नसेल तर बेव्हलर तिथे बसणार नाही. डोळ्याभोवतीची वर्तुळं, पिसाऱ्यातली बारीक पिसं निम्म्यावर आणा.

असावलीची वेल आणि नारळीचा काठ त्यामानानं सोपे आहेत, पट्ट्यावर चटकन बसतात. सुरुवात तिथून करा.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याचं छत कमळांनी आणि वेलींनी भरलेलं आहे. तिथल्या रेघेला जाडी-बारीकपणा आहे, आणि सुरीही तेच करते: सुरुवातीला खोल, शेवटी हलकी होत विरून जाणारी रेघ. म्हणून पाकळीची आतली रेघ गिरवताना टोकाच्या अलीकडेच थांबा, उरलेलं सुरीला करू द्या.

बीबी का मकबऱ्याच्या जाळीसारखी भौमितिक नक्षी सरळ येत नाही.

कारण सरळ रेघ हातानं गिरवली जाते आणि ओल्या चामड्यावर हात लहरतो. सगळी जाळी गिरवूच नका. फिल्मवरून फक्त कोपऱ्यांचे बिंदू हलकेच टोचा. फिल्म काढा आणि स्टीलच्या पट्टीनं बिंदू जोडा. पट्टी गंज न लागणाऱ्या स्टीलचीच हवी आणि ती दाबून धरायची नाही, तिची कडही उमटते.

पट्ट्यावर एकच नक्षी पुन्हा पुन्हा कशी बसवावी, शेवटी अर्धवट तुटते.

आधी मोजा, मग फिल्म हातात घ्या. बक्कलकडची दुमड आणि भोकांचा भाग सोडून जी लांबी उरते तीच नक्षीची. समजा ती ८० सेंटिमीटर आहे आणि तुमची वेल ७ सेंटिमीटरनं पुन्हा येते. ११ वेळा बसवली तर ७७ भरतात, ३ उरतात. नक्षी ताणायची गरज नाही. दोन्ही टोकांना दीड-दीड सेंटिमीटर सोडा आणि तिथे एक साधी आडवी किनार द्या. मधोमध खूण करून मध्यापासून दोन्हीकडे गिरवत जा, म्हणजे थोडाफार फरक पडला तर तो टोकांना विभागला जातो.

गिरवताना आणि ठोकताना चामडं ताणून नक्षी लांबते.

ओल्या चामड्याचा तो स्वभाव आहे. ओल देऊन झाल्यावर आणि पाठ जराशी कोरडी झाल्यावर मागच्या बाजूला रुंद पॅकिंग टेप आडवी-उभी लावा. पातळ चामड्याला हे हवंच. पट्टा जाड असेल तरी लांबीच्या दिशेनं एक टेप द्यावी. काम वाळल्यावर टेप सावकाश सोलायची.

पट्ट्यावर “विठ्ठल” लिहून हवं आहे. देवनागरी अक्षरं कशी उतरवू?

एकेरी रेघेनं लिहिलेलं अक्षर उतरवू नका. शिरोरेषेला प्रत्येक काना येऊन मिळतो आणि तिथे काप एकमेकांना छेदतात. पूर्ण शब्दाची जाड अक्षरं आखा आणि फक्त बाहेरची कड गिरवा. शिरोरेषा आणि सगळी अक्षरं मिळून एकच सलग सीमा होते. मग पोकळ्यांकडे या. “ठ्ठ” मध्ये ठखाली ठ येतो, दोन्हींची पोटं बंद, आणि खालचं पोट फारच लहान होतं. शब्दाची उंची दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते सुरीनं कापायच्या नादी लागू नका. फिल्मवरून फक्त मध्यबिंदू घ्या आणि गोल ठशानं एकदाच ठोका. शिरोरेषा पट्टीनं आखा, तीही सगळ्यात आधी. ती वाकडी गेली तर बाकी कितीही सुबक असलं तरी शब्द पडल्यासारखा दिसतो. वेलांटीचं वळण सगळ्यात शेवटी.

लेझर मशीन किंवा थ्रीडी प्रिंटची पाटी वापरावी का?

पाटी वापरायला हरकत नाही. उठावाच्या रेघांची पाटी ओल्या चामड्यावर ठेवून शिकंजात दाबली की पन्नास किचेन एकसारखी होतात. लेझर मात्र रेघ जाळतो. ती काळी रेघ कापल्यानंतरही कडेला दिसते. लेझरचं काम वेगळं आहे आणि ते वेगळंच करावं.

नक्षी उतरवली आणि काम राहून गेलं. आठवड्यानं पुढे करता येईल का?

येईल. गिरवलेली रेघ वाळल्यावरही राहते. चामडं सावलीत पूर्ण वाळू द्या, उन्हात ठेवू नका, आणि सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. पुन्हा सुरू करताना फक्त नक्षीचा भाग न भिजवता पूर्ण तुकड्यावर स्पंज फिरवा, नाहीतर ओल्या-कोरड्याच्या सीमेवर पाण्याची कड राहते आणि ती रंग दिल्यावरही दिसते. ओल दिल्यावर रेघा जराशा फुगून पुसट होतील. फिल्म जपून ठेवली असेल तर त्याच खुणांवर बसवून पुसट झालेल्या तेवढ्याच रेघा पुन्हा गिरवा.

हे चामडं आणायचं कुठून?

मुंबईत धारावी, किंवा कोल्हापूर. लांबचं चालत असेल तर चेन्नई आणि कानपूर. फोनवर मागवणार असाल तर आधी हातभर तुकडा मागवा आणि वर सांगितलेली थेंबाची आणि नखाची परीक्षा करा, मगच पूर्ण कातडं घ्या.

सराव करायला पूर्ण कातड्याची गरजही नसते. पट्टे कापून उरलेल्या पोटाकडच्या चिंध्या स्वस्तात मिळतात. पोटाकडचं चामडं सैल असतं, जास्त ताणतं, त्यामुळे त्यावर नक्षी थोडी लांबणारच. त्यावर ओलीचा अंदाज घ्या, आणि मोराची मान पहिल्यांदा त्याच्यावरच गिरवा.